पहाटेची परात : हलव्याचे दागिने करणाऱ्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नाव गाळलं आहे. आमच्या इमारतीत त्यांना सगळे काकू म्हणतात, म्हणून इथेही काकूच. वय ५८. गेली २१ वर्षं त्या संक्रांतीसाठी हलव्याचे दागिने घरी करतात. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने असतात, पण त्यांचं मुख्य काम बोरन्हाणाचं, म्हणजे बाळाचा संच : मुकुट, हार, दोन बाजूबंद, दोन मनगट्या, कंबरपट्टा आणि बासरी. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते आणि २०२३ पासून त्यांच्या हिशेबाची वही लिहिते. खाली आलेले निर्णय आम्ही दोघींनी मिळून घेतले. जो चुकला त्याचं गणित मी मांडलं होतं.

काकू दुकानात माल ठेवत नव्हत्या. एका घरातून दुसऱ्या घरी नाव जायचं आणि दिवाळी झाली की फोन सुरू व्हायचे. २०२४ च्या हंगामात ३१ संच गेले, २०२५ मध्ये २७. मोठा व्यवसाय म्हणावा असं यात काही नाही. पण काकूंचं वर्ष या कामाभोवती फिरतं आणि हा हंगाम हे त्यांचं स्वतःचं उत्पन्न आहे.

काम कसं चालतं

हे सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची चूक समजायला याची गरज आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस थंडी धरली की काकू पहाटे पाचला उठतात. आदल्या संध्याकाळी पाक करून गाळून ठेवलेला असतो : साखर बुडेल इतकं पाणी, उकळी आल्यावर चमचाभर दूध, मग वर येणारी मळी काढून टाकायची. पाक पातळच हवा. घट्ट झाला तर दाणे एकमेकांना धरतात आणि परातीत लाडू होतो. पितळेच्या कल्हई केलेल्या परातीत तीळ, साबुदाणा किंवा मगजबी (खरबूज-कलिंगडाची सोललेली बी) घ्यायची, खाली अगदी मंद आच, वर चमचाभर पाक आणि मग बोटांनी फिरवत राहायचं. सुकलं की पुन्हा चमचाभर. एक किलो हलव्याला रोज अडीच तास, असे पाच दिवस लागतात.

पहिले दोन दिवस दाण्यावर नुसता पांढरेपणा चढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा फुटतो. कोरड्या गार हवेत पाकातलं पाणी झटकन उडतं आणि साखर दाण्यावर जागोजाग टोकं धरून बसते. हवा दमट असेल तर पाक सगळीकडे सारखा पसरतो आणि दाणा गुळगुळीत राहतो. म्हणून पहाट. काकू परातीकडे बघतातही कमी. त्या ऐकतात. ओला दाणा परातीत सरकतो तो दबक्या आवाजात, सुकला की खळखळतो, आणि काटा आल्यावर त्या खळखळीला एक खरखर येते. ‘आला,’ असं त्या आधी म्हणतात आणि मग दिवा लावून बघतात.

या अडीच तासांत दुसरं काही नसतं. रेडिओवर आकाशवाणीची भक्तिगीतं, शेजारी ओट्यावर चहाचा कप, परातीची ऊब हातांना आणि बाहेर नाशिकची थंडी. यजमान उठायच्या आत, दूधवाला यायच्या आत. वर्षभरात एवढाच वेळ कोणी हाक मारत नाही, असं काकूंनी मला एकदा सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि वहीत कुठेच लिहिलं नाही.

दुपारचं काम खिडकीतल्या उन्हात. हलव्याच्या दाण्याला भोक नसतं, त्यामुळे तो ओवता येत नाही. दुहेरी दोऱ्यात एकेक दाणा धरून मागेपुढे गाठ मारावी लागते. गाठ सैल पडली तर दाणा निसटतो, आवळली तर काटा मोडतो. हाराला साबुदाण्याचा गोल हलवा, कडेला मगजबीचा लांबट, बारीक नक्षीला तिळाचा. एका संचाला सात तास. शाळेतून आलेली इमारतीतली पोरं दाराशी घुटमळतात, कारण मोडक्या काट्याचे दाणे त्यांच्या वाटीत जातात. संक्रांतीनंतर फोनवर फोटो यायला लागतात : काळं झबलं, डोक्यावर मुकुट, हातात बासरी, आणि बाळाचं सगळं लक्ष मनगटी तोंडात घालण्याकडे. काकू हे फोटो मोठे करून आधी गाठी बघतात, मग बाळ.

अडचण कशी उभी राहिली

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आठवड्यात, मुंबईच्या एका दुकानदाराचा फोन आला. त्यांच्या नात्यातल्या एका घरी काकूंचा संच गेला होता. त्यांना बाळाचे १०० संच हवे होते, ५ जानेवारीपर्यंत, संचाला ३५० रुपये. काकू घरगुती ग्राहकाला ९०० रुपये लावणार होत्या. पण त्यांच्या हाताने बांधलेले १०० संच कुणालाच शक्य नव्हते, हे दुकानदारालाही ठाऊक होतं. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले चालतील, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

काकूंना आनंद झाला होता. मुंबईच्या दुकानात आपलं काम मांडलेलं असणार ही गोष्ट लहान नव्हती. त्याच वर्षी यजमानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पैशांचीही गरज होती. ‘तू बघ गं गणित करून,’ असं म्हणून त्यांनी ते माझ्यावर सोपवलं.

कोणते पर्याय तपासले

तीन पर्याय होते. नाही म्हणायचं आणि आहे तसं चालू ठेवायचं. थोडे संच घ्यायचे, पण बांधून, जास्त भावाने. किंवा बाजारातून तयार हलवा आणून, शेजारच्या दोघींना मदतीला घेऊन, गोंदाने चिकटवलेले संच करायचे.

दुसरा पर्याय दुकानदाराने लगेच बाद केला, ३५० च्या वर ते जाणार नव्हते. उरलेल्या दोहोंचं मी गणित मांडलं. बांधलेल्या संचाला सामान ११० रुपयांचं, म्हणजे उरतात ७९०. बांधायला सात तास आणि हलव्याचे अडीच, कारण एका संचाला पाव किलोला थोडा कमी हलवा लागतो आणि किलोभरात पाच संच होतात. ७९० भागिले साडेनऊ, तासाला ८३ रुपये. चिकटवलेल्या संचाला सामान १५० चं, मदतनिसांना संचामागे ६०, उरले १४०. काकूंचे स्वतःचे दीड तास. तासाला ९३.

दहा रुपयांचा फरक. पण एकूण खात्रीचे पैसे, ग्राहक शोधायला नको, आणि वहीत सगळ्यात जास्त वाचलेले दिसत होते ते पहाटेचे तास. मी काकूंना ते सांगितलं, जणू चांगली बातमी : ‘पाचला उठायची गरजच नाही.’ त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बरं. तुझं बरोबरच असेल.’ त्या गप्प बसण्याचा अर्थ मी विचारायला हवा होता.

१०० ऐवजी ६० संच घ्यायचे ठरलं. घरचे नेहमीचे ग्राहक जमतील तसे.

काय केलं

दिवाळी झाली आणि पाऊस पुन्हा आला. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत हवा अशी ओली होती की मीठसुद्धा पाझरत होतं. तरी काम सुरू केलं, कारण ६० चा आकडा डोळ्यांसमोर होता. तयार हलवा आला. शेजारच्या दोघी दुपारी यायच्या, एक पुठ्ठे कापायची, दुसरी सोनेरी कागद लावायची, काकू दाणे चिकटवायच्या. गप्पा व्हायच्या, काम भराभर होत होतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत २४ संच झाले आणि पत्र्याच्या डब्यांत गेले.

त्याच सुमारास २०२६ चं कालनिर्णय घरात आलं आणि काकूंनी भिंतीवर लावता लावता पान उलटून बघितलं. रथसप्तमी २५ जानेवारीला. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, मध्ये ३२ दिवस. २०२५ मध्ये १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, २१ दिवस. २०२६ मध्ये १४ ते २५ जानेवारी, अवघे ११ दिवस. २०२४ च्या ३१ संचांपैकी १३ तर आम्ही संक्रांत झाल्यावर दिले होते. लांब हंगामात निम्मं काम मागे ढकलता येतं. या वेळी घरच्या सगळ्या ग्राहकांना संच एकाच वेळी लागणार होते, नेमके दुकानाचे ६० पाठवायच्या आठवड्यात. रथसप्तमी कुठल्या तारखेला ते ऑगस्टमध्येही पंचांग जाणणाऱ्या कुणालाही विचारता आलं असतं. आम्ही दोघींनी विचारलं नाही.

फोन सुरू झाले. काकूंनी पहिले १४ घेतले आणि नंतर नाही म्हणायला लागल्या. ज्यांना नाही म्हटलं त्या १२ घरांत एक असं होतं जिथे थोरल्या मुलाचा संच काकूंनी केला होता आणि आता धाकटीचा हवा होता. तो फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

निर्णयाचा दिवस : ७ डिसेंबर

७ डिसेंबरला, रविवारी, बांधाबांधीआधी मोजणी करावी म्हणून डबे उघडले. २४ पैकी ११ संच चिकट झाले होते. पुठ्ठ्याने ओल ओढली होती, गोंद मऊ पडला होता आणि त्यावरचा हलवा तळाकडून पिवळसर झाला होता. तयार हलव्याला काटा होता, पण बोट लावलं की टोक गळून पडत होतं. काकूंनी एक दाणा चिमटीत धरून कानाशी हलवला, जसा त्या नेहमी हलवतात, आणि खाली ठेवला. ‘हा आतून सुकलेलाच नाही,’ म्हणाल्या.

इथे पुन्हा तीन वाटा होत्या. चिकट संच उन्हात वाळवून, वरचे खराब दाणे बदलून पाठवायचे. मी तेच सुचवलं, कारण वेळ नव्हता. किंवा चांगले १३ तेवढे पाठवून बाकीचं जमेल तसं. किंवा दुकानदाराला फोन करून खरं सांगायचं.

काकूंनी जे विचारलं ते मला ऑगस्टमध्ये सुचायला हवं होतं. ‘अगं, पोरं हे चाटतात. फोटोत बघतेस ना? गोंद जाईल पोटात.’ बांधलेल्या दागिन्यात दोरा आणि हलवा, दुसरं काही नसतं. चिकटवलेल्यात दाण्याखाली गोंद असतो आणि बाळ पहिल्यांदा तोंडातच घालतं. सुनेच्या दागिन्यांना चिकटवणं चालून जातं, ती खात नाही. बाळाच्या संचात हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नव्हता.

त्यांनी त्याच दुपारी फोन केला. ६० होणार नाहीत, ४० देईन, मुकुटाचा पुठ्ठा तेवढा मैद्याच्या खळीने चिकटवेन, बाकी सगळं बांधलेलं असेल, भाव ठरला तोच. दुकानदार नाराज झाले, पण कबूल झाले. गोंदाचे सगळेच संच उकलले, त्यांचे चांगले दाणेसुद्धा पुन्हा वापरले नाहीत. शेजारच्या दोघींना काकूंनी दोन दिवस गाठ शिकवली आणि त्यांचे संचामागचे ६० रुपये १०० केले. बांधायचं काम आता तिघींत वाटलं गेलं.

आणि १२ डिसेंबरला पहाटे पाचला परात पुन्हा चुलीवर चढली, घरच्या १४ संचांसाठी. तयार हलव्याचा चांगला शिल्लक साठा असताना हे करायची आवश्यकता नव्हती, निदान माझ्या वहीप्रमाणे नव्हती. चौथ्या दिवशी साडेपाचला माझं दार वाजलं. काकू शाल गुंडाळून उभ्या होत्या. ‘चल, काटा आलाय.’ मी पहिल्यांदा ते परातीत बघितलं. दिव्याच्या उजेडात तीळ जेमतेम दिसतो इतका आत गेलेला आणि सभोवती बारीक पांढरी टोकं, प्रत्येक दाण्याची वेगळी. त्यांनी चार गरम दाणे माझ्या तळहातावर ठेवले. दातांखाली कुरकुरले आणि मग तिळाची चव आली. २१ वर्षं ज्यासाठी ही बाई पाचला उठते ते मी काट मारण्याजोगं काम म्हणून लिहिलं होतं.

परिणाम

आकड्यांत हंगाम वाईट गेला. दुकानाला ४० संच गेले. वाटेत काटे मोडले म्हणून ९ परत आले. ही चूक आमच्या बांधणीची : खोक्यात कापूस घातला होता, पण संच आतल्या आत हलत होते. ३१ चे १०,८५० रुपये मिळाले. सामान, खराब झालेला माल आणि वाहतूक ७,०००, शेजारणींचे ४,०००. १५० रुपयांची तूट, त्यात काकूंच्या स्वतःच्या हातांचा एक रुपयाही धरलेला नाही. घरच्या १४ संचांचे ११,०६० उरले. आदल्या हंगामात ८०० रुपये भावाने २७ संचांचे १८,६३० उरले होते. म्हणजे जास्त राबून पावणेआठ हजार कमी.

नाही म्हटलेल्या १२ घरांपैकी तिघांनी नंतर फोन केला, नाराजी न धरता. ज्या घरी थोरल्याचा संच गेला होता त्यांनी तोच, चार वर्षं जपलेला, धाकटीला घातला. फोटो पाठवला. हार पिवळा पडला होता पण एकही दाणा निसटला नव्हता. काकूंनी तो फोटो जपून ठेवला आहे.

शेजारच्या दोघींना गाठ आली. एकीची जरा सैल पडते, दुसरीची काकूंच्या तोडीची.

वेगळं काय करता आलं असतं

पंचांगाची गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात महाग. हंगामी काम करणाऱ्या कुणीही मागणी घेण्याआधी त्या वर्षी हंगाम किती दिवसांचा आहे ते मोजावं. चांद्र तिथी आणि संक्रांतीची सौर तारीख यांचं अंतर दरवर्षी बदलतं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक महिना आहे, त्यामुळे २०२७ ची रथसप्तमी पुढे सरकून १३ फेब्रुवारीला येते. तो हंगाम पुन्हा महिनाभराचा असेल.

दुसरं, नव्या पद्धतीचा एक संच करून पावसाळी हवेत आठवडाभर ठेवून बघायला हवा होता, स्वयंपाकघरातच, पाण्याच्या पिंपाजवळ. ऑगस्टमध्ये दमट हवा फुकट उपलब्ध होती. एका संचाच्या १५० रुपयांत सगळं कळलं असतं. परत येणाऱ्या मालाचं काय करायचं हेही तोंडी बोलणं झालं नव्हतं, आगाऊ रक्कमही घेतली नव्हती. ओळखीतून आलेलं काम असलं की या गोष्टी विचारायला संकोच वाटतो, आणि आम्हाला तो वाटला.

पण मला सगळ्यात जास्त छळते ती वहीतली ओळ. पहाटेचे अडीच तास मी खर्चात धरले. तिथे परातीशी बसून काकूंना जे कळतं, कुठला दाणा आतपर्यंत सुकला, कुठला डब्यात टिकेल, कुठला गाठीत मोडेल, त्यावर पुढचा सगळा संच उभा असतो. ते तास काढून टाकल्यावर हलवा ओळखणारं कुणी उरलं नाही. काकू होत्या, पण तयार पुडा फोडताना त्यांना आवाज ऐकायला मिळाला नव्हता. जे काम त्यांना सुख देतं तेच त्यांचं तपासणीचं काम आहे, हे मी दोन वेगळ्या गोष्टी समजले. हे तास विकत घ्यायचे म्हटले तर काय भाव पडेल, मला सांगता येत नाही. पण ते शून्य करून चिकटवलेल्या संचांचा पर्याय स्वस्त दाखवणं चूक होतं.

गणिताला काकू गप्प राहिल्या तेव्हा तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्याचा हिशेब लिहिणाऱ्याने आकडा वाचून दाखवल्यावर समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं. काकूंना मी वयाने खूप लहान, तरी वही माझ्या हातात होती आणि म्हणून त्यांनी माझं ऐकलं.

पुढे काय ठरलं

२०२७ साठी ३० संच, सगळे बांधलेले, सगळे घरच्या ग्राहकांना. दुकानाचं काम घ्यायचं नाही. गाठ चांगली येणारी शेजारीण संचामागे ठरावीक पैसे घेऊन हार आणि मनगट्या बांधणार, मुकुट आणि बासरी काकू. हलवा फक्त काकूंच्या परातीतला. डब्यात संच ठेवण्याआधी तळाला कोरडे तांदूळ कापडात बांधून ठेवायचे आणि आठवड्याला एकदा उघडून बघायचं. खोक्यात संच पुठ्ठ्याला दोऱ्याने टाचून बसवायचा, म्हणजे तो हलणार नाही.

वहीत पहाटेच्या तासांना आता वेगळा रकाना आहे. त्यावर काय लिहायचं ते मी काकूंना विचारलं. त्यांनी ‘परात’ लिहायला सांगितलं. भाव ९०० ठेवायचा की १,१०० करायचा यावर आमचं अजून एकमत नाही. मी ११०० म्हणते. काकूंचं म्हणणं, पहिल्या बाळाच्या घरी खर्च आधीच भरपूर असतो.